पाणी कुठे मुरतं

जेराल्डटनला वारा इतका
की झाडं उभं राहायचं सोडून देतात,
जमिनीलगत केस पसरून वाढतात.
अशाच एका झाडामागे नोरीन बॅलंटाइनचा तलाव,
रिकामा, निळा,
अंगभर फोड.

"कांजिण्या," झ्वोन्को म्हणाला.
फायबरग्लासच्या कामात त्याची तीस वर्षं गेली
आणि नाकही गेलं, स्टायरीनने खाल्लं.
म्हणून फोड फोडायचा मी, वास घ्यायचा मी.
पिवळट थेंब, बोटाला बुळबुळीत.
व्हिनेगर.
"मग ऑर्थो. सगळ्यात स्वस्त पॉलिएस्टर.
पाण्याला नाही म्हणता येत नाही त्याला.
पंधरा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही."

नोरीन काठावर घडीच्या खुर्चीत, टोपी एका हाताने धरून.
"शक्यच नाही. केल्विनने बोटीचं रेझिन लावलं होतं.
दर नाताळला पाहुण्यांना सांगायचा,
बिअरच्या बाटलीने काठ वाजवून:
व्हिनाइल एस्टर!
जशी काही त्याची जुनी मैत्रीण."

वाद नको म्हणून झ्वोन्कोने गाडीची फळी पाडली
आणि नमुन्याचे तुकडे मांडले, पत्ते मांडावेत तसे.
हा ऑर्थो. याची ओळख झालीच आहे.
हा आयसो, त्याचा जरा शिकलेला भाऊ,
पाणी यालाही फसवतं, पण वेळ लागतो.
ही व्हिनाइल एस्टर:
साखळीच्या फक्त टोकांना गाठी,
पाण्याने कुरतडायचं तरी कुठे?
भाव जवळजवळ दुप्पट,
आणि डब्यात चार-सहा महिने ठेवलं
तर न सांगता थिजून बसते.
"आणि तो?" नोरीनने चौथ्याकडे बोट केलं.
इपॉक्सी. धरला की धरला.
पण उन्हात खडूसारखा पांढरा पडतो,
आणि त्याच्यावर पुन्हा पॉलिएस्टर लावू म्हणाल
तर ती सोयरीक जमत नाही.
उद्या पस्तावलात तर सगळं खरवडायचं.

ती आत गेली. बराच वेळ गेली.
मी दुसरा फोड फोडला, उगाच.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली,
त्यात अठ्ठ्याऐंशी सालचं बिल,
घड्यांवर फाटलेलं.
दोन पिंप. सर्वसाधारण. ऑर्थो.
खाली केल्विनची सही, शेपटी ओढलेली.

वाऱ्याने कागद फडफडला, तिने अंगठ्याने दाबला.
"त्या वर्षी बोटीचा तळ नवा केला होता,"
ती सावकाश म्हणाली.
"तिला खरं लावलं असेल.
लावलंच असणार. ती अजून तरंगते आहे,
लॅन्सलिनच्या कुणीतरी घेतली."
मग हसली, इतकं की टोपी उडाली
आणि तलावाच्या खोल टोकाला जाऊन पडली.
मी उतरून आणली.

व्हिनाइल एस्टर ठरलं. झ्वोन्कोने स्वतः सांगून पाहिलं,
बाई, तुमच्या वयाला आयसोही पुरेल.
त्यावर ती काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

नऊ दिवस घासलं, गोड्या पाण्याने धुतलं,
तीन आठवडे नुसतं वाळू दिलं,
वाळवणाला तिथे वाऱ्याची वाण नव्हती.
हार्डनर दीड टक्का, उन्हं चढायच्या आत,
थरावर थर, रोलरखालून बुडबुडे हुसकत.

फक्त तिसऱ्या पायरीजवळचा एक फोड
तिने घासू दिला नाही.
"तो राहू दे."
मी सांगितलं, वरून कितीही चांगलं लावा,
आत राहिलेलं पुन्हा वर येतं.
"येईल तेव्हा येईल. मला तिथे पाय टेकवायचा आहे."
मी झ्वोन्कोकडे पाहिलं.
तो नाक शिंकरत होता, ज्याला काही कळत नाही ते नाक.

शेवटच्या दिवशी नाण्याने सगळीकडे वाजवून पाहिलं.
टक. टक. टक. टक.
तिसऱ्या पायरीजवळ: डब.
वहीत लिहिलं, सर्व ठीक,
आणि पाणी सोडलं.